रोटरी इंजिनासाठी डिझेलच्या परिवर्ती-भूमिती टर्बोचार्जरचे अनुकूलन

रोटरी इंजिनासाठी डिझेलच्या परिवर्ती-भूमिती टर्बोचार्जरचे अनुकूलन म्हणजे डिझेल इंजिनासाठी तयार केलेला, हलत्या पात्यांचा टर्बोचार्जर पेट्रोलवर चालणाऱ्या वान्केल प्रकारच्या रोटरी इंजिनाला जोडण्याची प्रक्रिया होय. कमी फेऱ्यांवरही इंजिनाला पुरेशी दाबयुक्त हवा मिळावी आणि जास्त फेऱ्यांवर त्याचा श्वास कोंडू नये, हे तिचे उद्दिष्ट असते. कोणत्याही वाहन-उत्पादकाने अशी जोडणी असलेली रोटरी मोटार मालिका-उत्पादनात आणलेली नाही. हा प्रयोग मुख्यतः माझदा कंपनीच्या १३बी इंजिनावर काम करणारे हौशी अभियंते आणि स्वतंत्र कार्यशाळा करतात.

वरवर पाहता हे काम नळ्या जोडण्याचे वाटते. प्रत्यक्षात डिझेल आणि रोटरी या दोन इंजिनांच्या निष्कास वायूंचे तापमान, दाबाची स्पंदने, प्रवाहाची व्याप्ती आणि नियंत्रणाची पद्धत यांत मूलभूत फरक आहेत. हे फरक लक्षात न घेता केलेली जोडणी इंजिनाच्या नाशास कारणीभूत ठरू शकते.

## पार्श्वभूमी

### रोटरी इंजिन

जर्मन अभियंता फेलिक्स वान्केल (१९०२–१९८८) यांच्या कल्पनेवर आधारलेले पहिले इंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी एनएसयू कंपनीत चालले. या इंजिनात दट्ट्या अर्थात पिस्टन नसतो. त्याच्या जागी किंचित फुगीर बाजूंचा त्रिकोणी घूर्णक अर्थात रोटर, मध्यावर थोडा आवळलेल्या लंबगोलासारख्या पोकळीत फिरतो. रोटरची तीन टोके पोकळीच्या भिंतीला सतत टेकलेली असतात. त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात व प्रत्येक कप्प्यात शोषण, संपीडन, ज्वलन आणि निष्कासन या चार क्रिया क्रमाने घडतात. टोकांवर धातूच्या पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना एपेक्स सील म्हणतात. रोटरी इंजिनाचे आरोग्य बहुतांशी याच पट्ट्यांवर अवलंबून असते.

जपानच्या माझदा कंपनीने १९६१ मध्ये एनएसयूशी करार केला आणि केनिची यामामोटो यांच्या नेतृत्वाखाली हे इंजिन रस्त्यावर टिकेल असे घडवले. १९६७ साली माझदाची कॉस्मो स्पोर्ट आणि एनएसयूची आरओ ८० या दोन्ही दोन-रोटरी मोटारी बाजारात आल्या. पुढे एनएसयूने ही वाट सोडली. माझदाने मात्र ती चालू ठेवली. १९९१ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी या मोटारीत चार रोटरचे इंजिन होते. त्या इंजिनाला टर्बोचार्जर नव्हता.

१३बी इंजिनात दोन रोटर असतात. प्रत्येक कप्प्याचे आकारमान ६५४ घन सेंटिमीटर, म्हणून इंजिनाचे आकारमान १,३०८ घन सेंटिमीटर मानले जाते. मुख्य दंडाच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक रोटर एक कप्पा भरतो. चार-आघाती पिस्टन इंजिनात मात्र प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतो. म्हणून हवेच्या प्रवाहाच्या दृष्टीने १३बी हे सुमारे २.६ लिटर क्षमतेच्या चार-आघाती इंजिनासारखे वागते. टर्बोचार्जर निवडताना हाच आकडा धरावा लागतो.

### टर्बोचार्जर आणि त्याची अडचण

टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. इंजिनातून बाहेर पडणारे उष्ण वायू एक टरबाइन फिरवतात. त्याच दंडावर दुसऱ्या टोकाला बसवलेला संपीडक बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवतो. वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग अशा रीतीने उपयोगात येतो.

टरबाइनच्या कवचातील वायूमार्ग अरुंद ठेवला, तर कमी फेऱ्यांवरही वायूंचा वेग वाढतो आणि टरबाइन लवकर वेग घेते. पण जास्त फेऱ्यांवर तोच मार्ग वायूंची कोंडी करतो. मार्ग रुंद ठेवला, तर उच्च वेगावर इंजिन मोकळे राहते, परंतु कमी फेऱ्यांवर टरबाइन आळसावते. ॲक्सिलरेटर दाबल्यापासून दाब तयार होईपर्यंत जो विलंब होतो, त्याला टर्बो लॅग म्हणतात. स्थिर भूमितीच्या टर्बोचार्जरमध्ये या दोन टोकांमधील तडजोड अटळ असते.

### परिवर्ती भूमिती

परिवर्ती-भूमिती टर्बोचार्जरमध्ये टरबाइनच्या चाकाभोवती लहान पात्यांचे एक कडे असते. त्यामुळे वायूमार्गाचे क्षेत्रफळ चालू इंजिनातच बदलता येते. याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

* फिरती पाती – प्रत्येक पाते स्वतःच्या खुंटीवर फिरते. सर्व पाती एका कड्याने एकत्र जोडलेली असतात. पाती मिटली की फट अरुंद होते आणि वायू वेगाने, चाकाच्या कडेला स्पर्शून जाईल अशा कोनात आदळतात. पाती उघडली की फट रुंद होते. गॅरेट कंपनीचे बहुतेक टर्बो या प्रकारचे आहेत.
* सरकते कडे – पाती स्थिर कोनात एका कड्यावर पक्की बसवलेली असतात व ते कडे अक्षाच्या दिशेने पुढेमागे सरकते. कडे पुढे आले की वायूंसाठी उरलेली फट कमी होते. कमिन्सच्या मालकीच्या होलसेट या ब्रिटिश कंपनीने अवजड वाहनांसाठी हा प्रकार रूढ केला. त्यात हलणारे भाग कमी असतात.

मोटारींमध्ये ही रचना प्रथम पेट्रोल इंजिनावरच दिसली. १९८८ ची होंडा लेजेंड आणि १९८९ ची, केवळ ५०० नग तयार झालेली शेल्बी सीएसएक्स ही तिची उदाहरणे होत. मात्र पेट्रोलच्या निष्कास वायूंची उष्णता या नाजूक यंत्रणेला सोसत नसे. १९९१ मध्ये फियाट क्रोमा या डिझेल मोटारीत ती आली आणि त्यानंतर डिझेल इंजिनांमध्ये तिचा झपाट्याने प्रसार झाला. परिणामी आज जुन्या बाजारात मिळणारे परिवर्ती-भूमिती टर्बो जवळजवळ सर्व डिझेलचे असतात. रोटरीवरील प्रयोगांत डिझेलचा टर्बो येतो, त्याचे हे साधे आर्थिक कारण आहे.

## प्रेरणा

रोटरी इंजिनाला कमी फेऱ्यांवर ताकद कमी आणि जास्त फेऱ्यांवर भरपूर असते. माझदाने ही उणीव भरून काढण्यासाठी टर्बोचार्जरचे अनेक प्रकार वापरून पाहिले. १९८२ मध्ये १२ए इंजिनाला प्रथम टर्बो बसवण्यात आला. दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मोटारीच्या सुरुवातीच्या टर्बो आवृत्तीत टरबाइनकडे जाणारे दोन मार्ग होते. कमी फेऱ्यांवर त्यांतील एक मार्ग झडपेने बंद ठेवला जाई. टरबाइनच्या मार्गाचे क्षेत्रफळ चालू इंजिनात बदलण्याचाच हा एक प्राथमिक प्रयत्न होता. १९९१ च्या तिसऱ्या पिढीतील १३बी-आरईडब्ल्यू इंजिनाला एकामागून एक कार्यान्वित होणारे दोन टर्बो दिले गेले. पहिला टर्बो कमी फेऱ्यांपासून काम करी व सुमारे ४,५०० फेऱ्यांवर दुसरा त्याला येऊन मिळे.

ही व्यवस्था प्रभावी होती, पण तिच्यात निर्वात नळ्या, विद्युत झडपा आणि दाबाच्या टाक्या यांचे मोठे जाळे होते. इंजिनाच्या उष्णतेने रबरी नळ्या कडक होऊन तडकत व दोष शोधणे जिकिरीचे होई. त्यामुळे अनेक मालक दोन्ही टर्बो काढून एकच मोठा टर्बो बसवतात. असे केल्याने वरच्या टोकाची ताकद वाढते, पण खालच्या टोकाचा प्रतिसाद हरवतो. एकाच टर्बोत दोन्ही गुण मिळावेत, ही परिवर्ती भूमितीकडे वळण्यामागची मुख्य प्रेरणा आहे.

## दोन इंजिनांतील फरक

### तापमान

डिझेल इंजिन नेहमी जास्त हवेत कमी इंधन जाळते. त्यामुळे पूर्ण भारावरही त्याच्या निष्कास वायूंचे तापमान साधारणपणे ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. टर्बोयुक्त रोटरी इंजिनात हे तापमान ९५० अंशांच्याही पुढे जाते. रोटरीचा ज्वलनकक्ष लांब, चपटा आणि स्वतः सरकणारा असतो. ज्योतीला त्याच्या टोकापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो आणि निष्कास-द्वार उघडते तेव्हाही काही इंधन जळत असते. शिवाय बहुतेक रोटरी इंजिनांत हे द्वार कवचाच्या परिघावरच असते. त्याला झडप नसते आणि मार्गही आखूड असतो. त्यामुळे वायू फारसे न निवता थेट टरबाइनकडे जातात.

डिझेल टर्बोचे टरबाइन-कवच सहसा सिलिकॉन व मॉलिब्डेनमयुक्त ओतीव लोखंडाचे असते. उच्च तापमानाच्या पेट्रोल टर्बोसाठी निकेलयुक्त ओतीव लोखंड किंवा ओतीव स्टेनलेस स्टील वापरतात. टरबाइनचे चाक दोन्हींत निकेल-मिश्रधातूचेच असते, म्हणून ते तुलनेने तग धरते. खरा प्रश्न पात्यांचा व त्यांच्या खुंट्यांचा असतो. पाते आणि भिंत यांच्यातील फट अगदी बारीक ठेवावी लागते. अपेक्षेपेक्षा जास्त तापमानाला पाते प्रसरण पावून भिंतीला घासते, खुंटीवर ऑक्साइडचा थर चढतो आणि यंत्रणा अडकते.

### स्पंदने

दट्ट्याच्या इंजिनात निष्कास-झडप हळूहळू उघडते. रोटरीत एपेक्स सील द्वारावरून सरकताच ते एकदम खुले होते. त्यामुळे दाबाची लाट तीव्र असते आणि टरबाइनला मिळणारी ऊर्जाही अधिक असते. हा रोटरीचा लाभ आहे. पण पिस्टन इंजिनात प्रत्येक क्रिया दंडाच्या १८० अंशांत संपते, तर रोटरीत ती २७० अंश चालते. दोन रोटरांमध्ये १८० अंशांचे अंतर असल्याने त्यांचे निष्कास-काल एकमेकांवर चढतात. एका रोटरची लाट दुसऱ्याच्या अजून उघड्या असलेल्या द्वारात शिरू नये, म्हणून माझदाने दोन स्वतंत्र मार्गांचे कवच वापरले होते. बहुतेक परिवर्ती-भूमिती टर्बोंत वायूमार्ग एकच असतो. त्यामुळे हा लाभ काही अंशी गमवावा लागतो.

### प्रवाहाची व्याप्ती

मोटारीचे डिझेल इंजिन साधारणपणे १,५०० ते ४,००० फेऱ्यांमध्ये काम करते. रोटरीचा उपयुक्त पल्ला २,५०० ते ७,५०० किंवा त्याहूनही पुढे जातो. पाती पूर्ण उघडल्यावरही टरबाइनमधून जाऊ शकणाऱ्या वायूंना मर्यादा असते. डिझेलमध्ये इंजिनाची कमाल गती आधीच नियंत्रित असल्याने ही मर्यादा गाठली जात नाही. रोटरीत ती सहज गाठली जाते.

### हवेचे नियंत्रण

पारंपरिक डिझेल इंजिनात ताकद इंधनाच्या मात्रेने ठरते आणि हवेचा मार्ग खुला असतो. पेट्रोल रोटरीत थ्रॉटल झडप हवा रोखते. चालकाने पाय उचलताच ही झडप मिटते, पण टर्बो फिरतच राहतो. अडलेली हवा संपीडकाच्या पात्यांवर उलट आदळते. या घटनेला सर्ज म्हणतात. ती वारंवार घडल्यास धारवे अर्थात बेअरिंग खराब होतात. डिझेलच्या टर्बोबरोबर दाब सोडणारी ब्लो-ऑफ झडप सहसा येत नाही. ती स्वतंत्रपणे बसवावी लागते.

## टर्बोची निवड

निवडीचा पाया हवेचा हिशोब हा आहे. पुढील उदाहरण १३बी इंजिनाचे असून आकडे स्थूल आहेत.

* ७,००० फेऱ्यांवर इंजिनात शिरणारे आकारमान : १.३०८ × ७,००० = सुमारे ९,१५६ लिटर, म्हणजे दर मिनिटाला ९.२ घनमीटर.
* भरण-कार्यक्षमता ९५ टक्के आणि हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरल्यास, टर्बोविना प्रवाह : दर मिनिटाला सुमारे १०.४ किलोग्रॅम.
* वातावरणाच्या १.८ पट दाब आणि आंतरशीतकानंतर हवेचे तापमान ५० अंश धरल्यास घनता सुमारे १.६३ पट होते. प्रवाह : दर मिनिटाला सुमारे १७ किलोग्रॅम.

आता २.२ लिटरच्या डिझेल इंजिनाशी तुलना करू. ४,००० फेऱ्यांवर त्यात शिरणारे आकारमान मिनिटाला ४,४०० लिटर, म्हणजे १३बीच्या निम्म्याहूनही कमी असते. अशा मोटारीचा टर्बो १३बीवर बसवला, तर तो कमी फेऱ्यांवर उत्साहाने चालेल, पण मधल्या फेऱ्यांपुढे इंजिनाची कोंडी करील. म्हणून मध्यम आकाराच्या ट्रक किंवा पिकअपचा टर्बो शोधला जातो. ६.७ लिटरचे कमिन्स इंजिन ३,००० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे १०,०५० लिटर आकारमान घेते. हा आकडा १३बीच्या ७,००० फेऱ्यांवरील आकड्याच्या जवळ आहे. २००७ पासून डॉज रॅम पिकअपमधील या इंजिनाबरोबर येणारा होलसेट एचई३५१व्हीई हा टर्बो त्यामुळे अशा प्रयोगांसाठी विचारात घेतला जातो.

हे साम्य फसवे ठरू नये यासाठी दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. पहिली दुरुस्ती तापमानाची आहे. टरबाइनची ग्रहणक्षमता वस्तुमान-प्रवाह गुणिले निरपेक्ष तापमानाचे वर्गमूळ, भागिले दाब या राशीने मोजतात. वायू ७०० ऐवजी ९५० अंशांचे असतील, तर तेवढ्याच वस्तुमानासाठी सुमारे १२ टक्के अधिक ग्रहणक्षमता लागते. दुसरी दुरुस्ती संपीडकाची आहे. डिझेलमध्ये दाबाचे गुणोत्तर जास्त असते. त्यासाठी घडवलेला मोठा संपीडक रोटरीच्या कमी फेऱ्यांवरील अल्प प्रवाहात सर्जच्या रेषेजवळ जातो. म्हणजे पाती मिटून २,५०० फेऱ्यांवर दाब तयार करता आला, तरी तो दाब संपीडकाला पेलेलच असे नाही. संपीडकाचा आलेख पाहिल्याशिवाय निवड करणे म्हणून धोक्याचे असते.

## अनुकूलनाचे घटक

### निष्कास-संचयक

इंजिनाच्या द्वारांना टर्बोशी जोडणारा संचयक अर्थात मॅनिफोल्ड नव्याने तयार करावा लागतो. ट्रकच्या टर्बोचे वजन बरेच असते. लाल तापलेल्या पातळ नळ्यांवर ते तोलल्यास जोड तडकतात. म्हणून जाड स्टेनलेस नळ्या, टर्बोला स्वतंत्र आधार आणि प्रसरणासाठी लवचीक जोड यांची योजना करतात. दोन्ही रोटरांचे मार्ग शक्य तितक्या उशिरा एकत्र आणले जातात.

### वेस्टगेट

परिवर्ती भूमितीमुळे वेस्टगेट अर्थात जादा वायू बाजूला काढणारी झडप लागत नाही, असा समज आहे. डिझेलमध्ये तो बहुधा खरा ठरतो. रोटरीत पाती पूर्ण उघडल्यानंतरही दाब वाढत राहण्याची शक्यता असते. म्हणून बाह्य वेस्टगेट बसवणे सुरक्षित मानतात. पोर्शेने २०१६ च्या ७१८ एस मालिकेतील २.५ लिटर पेट्रोल इंजिनावर परिवर्ती पाती आणि वेस्टगेट दोन्ही एकत्र वापरले, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

### पाती हलवणारी यंत्रणा

मोटारींच्या डिझेल टर्बोत पाती पुष्कळदा निर्वाताने हलतात. निर्वात दिल्यास पाती मिटतात, काढल्यास उघडतात. डिझेलमध्ये यासाठी वेगळा निर्वात पंप असतो. पेट्रोल इंजिनात निर्वात केवळ थ्रॉटल मिटलेली असताना मिळतो आणि पाती मिटायची गरज नेमकी थ्रॉटल उघडल्यावर असते. त्यामुळे पंप आणि साठवण-टाकी जोडावी लागते किंवा दाबावर चालणारी, उलट क्रियेची यंत्रणा बसवावी लागते.

होलसेटच्या उपरोल्लेखित टर्बोत विद्युत यंत्रणा असून ती पाण्याने थंड ठेवली जाते. तिला आज्ञा इंजिनाच्या संगणकाकडून कॅन नावाच्या डिजिटल वाहिनीवरून मिळतात. रोटरीचा संगणक या भाषेत बोलत नाही. त्यामुळे मधे एक लहान नियंत्रक ठेवून त्याच्याकडून योग्य संदेश पाठवावे लागतात. काहीजण विद्युत यंत्रणा काढून तिथे वायुदाबाची यंत्रणा बसवतात. त्यामुळे रचना सोपी होते, पण नियंत्रणातील सूक्ष्मता कमी होते.

### वंगण आणि शीतन

धारव्यांना स्वच्छ तेलाचा पुरवठा आणि तेल उताराने परत जाईल असा रुंद परतीचा मार्ग आवश्यक असतो. परतीचा मार्ग अरुंद किंवा चढता असल्यास तेल सीलमधून टरबाइनकडे गळते. टर्बोच्या मध्यभागाला पाण्याची जोडणी असेल, तर ती सोडून देऊ नये. इंजिन बंद केल्यावर साठलेली उष्णता धारव्यांत शिरते व तेल जळून त्याचा कोळसा होतो.

## नियंत्रणाची तत्त्वे

डिझेलच्या संगणकातील नियंत्रण-नकाशा रोटरीला निरुपयोगी असतो. डिझेलमध्ये निष्कास वायूंचे पुनर्भ्रमण घडवण्यासाठी आणि काही ट्रकांत इंजिन-ब्रेक म्हणून पाती कमी भारावरही मिटली जातात. रोटरीत याच्या उलट धोरण लागते.

* रिकामी गती व समगती – पाती उघडी. अनावश्यक प्रतिदाब टाळणे हा हेतू.
* कमी फेऱ्या, पूर्ण थ्रॉटल – पाती मिटलेली, पण सर्ज होणार नाही एवढ्याच मर्यादेत. यासाठी टर्बोवरील किमान-फटीचा स्क्रू नव्याने जुळवावा लागतो.
* इच्छित दाब जवळ येताच – पाती हळूहळू उघडणे.
* जास्त फेऱ्या – पाती पूर्ण उघडी आणि पुढील नियंत्रण वेस्टगेटकडे.
* बिघाड झाल्यास – पाती आपोआप उघड्या स्थितीत जातील अशी रचना.

केवळ हवेचा दाब मोजून हे नियंत्रण नीट होत नाही. टरबाइनपूर्वीचा निष्कास-दाब मोजणे तितकेच महत्त्वाचे आहे. पाती अधिक मिटली तर हवेचा दाब वाढतो, पण त्याहून वेगाने निष्कास-दाब वाढू शकतो. दाबमापकावर आकडा चांगला दिसतो आणि प्रत्यक्षात इंजिनाची ताकद घटते. निष्कास-दाब हवेच्या दाबाच्या दुपटीकडे जाऊ लागला, तर ती पाती उघडण्याची किंवा मोठा टर्बो निवडण्याची सूचना समजली जाते.

## धोके

आस्फोट व एपेक्स सील. १३बीसारख्या इंजिनात शोषण आणि निष्कास द्वारे काही क्षण एकाच वेळी उघडी राहतात. प्रतिदाब जास्त असेल तर जळलेले उष्ण वायू ताज्या मिश्रणात परत मिसळतात. मिश्रण तापते आणि ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता त्याचा काही भाग एकदम पेट घेतो. या आस्फोटाला मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. पिस्टन इंजिन थोडे नॉकिंग सोसते. रोटरीत एकच जोरदार आस्फोट एपेक्स सील तोडू शकतो. सुमारे दोन मिलिमीटर जाडीची ही पट्टी तुटली की त्या रोटरच्या कप्प्यांचा दाब जातो आणि इंजिन पूर्ण उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

तुटलेल्या सीलचे तुकडे. हे तुकडे परिघावरील द्वारातून थेट टरबाइनकडे फेकले जातात. साध्या टर्बोत ते चाकाला इजा करतात. परिवर्ती-भूमिती टर्बोत ते आधी पात्यांच्या कड्यावर आदळतात. अडकलेला लहानसा तुकडाही सर्व पाती एका जागी खिळवू शकतो. पाती मिटलेल्या स्थितीत अडकली, तर दाबावरचा ताबा सुटतो आणि दुसऱ्या रोटरलाही धोका पोहोचतो. अशा प्रसंगी बाह्य वेस्टगेट हाच एक बचाव उरतो.

काजळी व तेल. एपेक्स सीलना वंगण मिळावे म्हणून रोटरी इंजिनात थोडे तेल मुद्दाम ज्वलनकक्षात सोडले जाते. ते जळून उरलेले अवशेष पात्यांच्या खुंट्यांवर साचतात. डिझेलमध्येही काजळीमुळे पाती अडकण्याचा दोष परिचित आहे. म्हणून पाती अधूनमधून पूर्ण पल्ल्यातून हलवणे हे नियंत्रकाच्या कामाचा भाग ठरते.

उष्णता. तापमान आटोक्यात ठेवण्यासाठी इंधनाचे प्रमाण वाढवणे, मिथेनॉलमिश्रित पाण्याचा फवारा, इथेनॉलयुक्त इंधन व कार्यक्षम आंतरशीतक हे उपाय योजतात. ठिणगी फार उशिरा देण्याने आस्फोट टळतो, पण निष्कास वायू आणखी तापतात. त्यामुळे एका संकटातून दुसरे उभे राहते.

## उद्योगातील तुलना

पेट्रोल इंजिनावर परिवर्ती भूमिती टिकवणे अशक्य नाही, हे वाहन-उद्योगाने दोन भिन्न मार्गांनी दाखवले आहे. पोर्शेने २००६ च्या ९११ टर्बो मोटारीत बोर्गवॉर्नर कंपनीचा असा टर्बो आणला. सुमारे १,००० अंश तापमान सोसणारे, अवकाश-तंत्रज्ञानातील मिश्रधातूंच्या जवळचे साहित्य त्यात वापरले गेले. फोक्सवागनने आपल्या १.५ लिटर टीएसआय इव्हो इंजिनात उलट मार्ग धरला. मिलर पद्धतीचे ज्वलनचक्र वापरून निष्कास वायूंचे तापमान ८८० अंशांपर्यंत मर्यादित ठेवले, म्हणजे साध्या साहित्याची पाती चालली.

रोटरी इंजिनाला दुसरा मार्ग सहजसाध्य नाही. त्याची उष्णता ज्वलनकक्षाच्या आकारातूनच येते. २००३ च्या आरएक्स-८ मोटारीतील रेनेसिस इंजिनात माझदाने निष्कास-द्वारे बाजूच्या भिंतींत नेली. त्यामुळे दोन्ही द्वारे एकाच वेळी उघडी राहण्याचा काळ संपला. मात्र मधल्या भिंतीतील द्वार दोन्ही रोटरांना सामाईक असल्याने स्पंदने वेगळी ठेवणे अवघड होते. हे इंजिन टर्बोविनाच विकले गेले. २०२३ च्या एमएक्स-३० आर-ईव्ही मोटारीत माझदाने ८३० घन सेंटिमीटरचे एका रोटरचे इंजिन पुन्हा आणले, पण तेथे त्याचे काम विद्युत जनित्र फिरवणे एवढेच आहे. केवळ जनित्र फिरवणाऱ्या इंजिनाला टर्बो लॅगचा प्रश्नच उरत नाही.

## मूल्यमापन

या अनुकूलनाचा लाभ खरा आहे, पण मर्यादित आहे. योग्य आकाराचा टर्बो, मोजलेला निष्कास-दाब आणि काटेकोर नियंत्रण असल्यास कमी फेऱ्यांवरील प्रतिसाद स्थिर भूमितीच्या मोठ्या टर्बोपेक्षा सुधारतो. दैनंदिन वापराच्या, मध्यम ताकदीच्या मोटारीत हा लाभ सर्वाधिक जाणवतो. केवळ कमाल अश्वशक्ती हे ध्येय असल्यास मोठा, दोन मार्गांचा स्थिर टर्बो अधिक साधा व टिकाऊ ठरतो. जुना टर्बो स्वस्त मिळत असला, तरी संचयक, नियंत्रक, वेस्टगेट आणि मोजमापाची साधने यांचा खर्च धरल्यास ही बचत बरीचशी संपते. डिझेलच्या लोखंडी कवचाचे आयुष्य रोटरीच्या उष्णतेत कमी होते, हेही गृहीत धरावे लागते.

## भारतातील संदर्भ

भारतात रोटरी इंजिनाच्या मोटारी अत्यंत विरळ आहेत. परिवर्ती-भूमिती टर्बो मात्र डिझेल मोटारींमुळे परिचित आहे. टाटा सफारीच्या २.२ लिटर डायकॉर इंजिनात तो २००७ मध्ये आला. वान्केल इंजिनाचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना या संरक्षण-संशोधन संस्थेने निशांत या मानवरहित विमानासाठी देशी वान्केल इंजिनाच्या विकासात भाग घेतला. २००९ मध्ये या इंजिनासह निशांतचे उड्डाण कर्नाटकातील कोलार येथे झाले.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे असे प्रयोग सार्वजनिक रस्त्यापेक्षा प्रयोगशाळेत, इंजिन-चाचणी मंचावर किंवा बंदिस्त धावपट्टीवर करणे उचित ठरते.

## हे सुद्धा पहा

* वान्केल इंजिन
* टर्बोचार्जर
* डिझेल इंजिन
* माझदा आरएक्स-७
* आंतरशीतक
* अंतर्ज्वलन इंजिन